खोगीरभरती

आमच्या भागात इतिहास शोधायला फार लांब जावं लागत नाही. उंब्रजच्या शिवेला तारळी कृष्णेला मिळते. तारळीच्या काठाकाठानं वर गेलं की पालीचा खंडोबा लागतो, घोड्यावर बसणारा देव. हमरस्त्यानं कराडच्या अंगाला निघालं की उजव्या हाताला वसंतगड दिसतो आणि त्याच्या पायथ्याला तळबीड, सरनोबत हंबीरराव मोहित्यांचं गाव. वरच्या अंगाला सातारा, शाहू महाराजांची राजधानी. म्हणजे आमचं गाव घोडदळाच्या ऐन वाटेवरचं. या रस्त्यानं किती टापा गेल्या असतील त्याची मोजदाद नाही.

असं असून आमच्याकडं घोड्याविषयी बोलणं निघालं की ते तलवारीवर जातं. कोण किती कोस दौडला, कुणी कुणाची छावणी मारली. चौकाचौकातले अश्वारूढ पुतळे आपण बघतो. नजर स्वाराच्या चेहऱ्यावर जाते, तलवारीवर जाते, घोड्याच्या उचललेल्या पायावर जाते. घोड्याच्या पोटाखालून गेलेल्या पट्ट्यावर कुणाची जात नाही. तो स्वार वर बसून राहिलाय तो त्या पट्ट्यामुळं आणि पट्ट्याहून जास्त त्याच्या बुडाखालच्या गादीमुळं, हे कुणी सांगत नाही.

भाषेनं मात्र ते जपून ठेवलंय. पोलिसांनी चोराला जेरबंद केलं, असं आपण रोज वाचतो. जेरबंद म्हणजे घोड्यानं मान झटकून वर करू नये म्हणून तंगापासून तोंडाकडं बांधलेला पट्टा. पैशाची तंगी वेगळी आणि घोड्याचा तंग वेगळा, पण दोन्हीत आवळणं आहेच. आणि एखाद्या पुस्तकात, समितीत, भाषणात बिनकामाचा भरणा झाला की आपण म्हणतो, ही नुसती खोगीरभरती.

या शेवटच्या शब्दावर माझा जरा राग आहे. खोगिरात जी भरती घालायची, तिच्यावर घोड्याची पाठ, स्वाराचा जीव आणि मोहिमेचा निकाल ठरायचा. ज्या कामात सगळ्यात जास्त अक्कल लागायची तेच नाव आपण बिनकामाच्या गोष्टीला दिलं. चिंध्या, पेंढा, लोकर, जे हाताला लागेल ते आत कोंबायचं, एवढंच बघणाऱ्याला दिसलं. काय कोंबलं, कुठं कोंबलं आणि कुठं मोकळं सोडलं, ते दिसलं नाही.

मला ते दिसलं ते माझ्या चुलत आजोबांमुळं. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं. एसटी अजून डोंगरात शिरली नव्हती तेव्हा तात्या तट्टावर मीठ, गूळ, चहापत्ती, काड्यापेट्या घालून चाफळच्या वरच्या वाड्यावस्त्यांवर जायचे आणि उतरताना नाचणी, वरी, हिरडा घेऊन यायचे. चढाला ओझं, उताराला ओझं, आणि मधे कधी पाय दुखले तर तात्या स्वतः. तट्टू उंचीनं माणसाच्या छातीएवढं. पण तेच आमच्या घराचं दुकान, तीच गाडी आणि तेच भांडवल. त्याची पाठ लागली, म्हणजे खोगिरानं सोलून जखम झाली, तर तीन आठवडे धंदा बंद. म्हणून घरात कुणाच्या तापाची चौकशी होण्याआधी तट्टाच्या पाठीची व्हायची.

तात्या खोगीर घालायचे ते बघण्यासारखं होतं. आधी हातानं पाठ झाडायची. एक काडी, एक कुसळ राहिलं तरी दहा मैलांवर त्याची जखम होते. मग घोंगडीची घडी मानेच्या बाजूला जरा पुढं ठेवायची आणि मागं ओढत आणायची, म्हणजे खालचे केस आपल्या वळणानं सपाट बसतात. उलटी सरकवली तर केस उलटे दुमडतात आणि तिथंच घासायला सुरुवात होते. घडीला एकही सुरकुती चालायची नाही. त्यावर खोगीर. खोगिराच्या दोन बाजूंना दोन जाड गाद्या आणि मधे चार बोटांची मोकळी नळी. कण्यावर काहीही टेकता कामा नये. ओझं कण्याच्या दोन्ही अंगांच्या मांसावर यायचं, हाडावर नाही. मानेच्या बुडाशी जो उंचवटा असतो, तिथंही हात घालून बघायचे. हात सहज गेला पाहिजे, अडकला नाही पाहिजे.

मग तंग. तंग पुढच्या पायाच्या कोपराला घासणार नाही इतका मागं आणि पोटाच्या फुगाऱ्यावर जाणार नाही इतका पुढं. पहिल्यांदा आवळायचा तो सैलच. कारण घोडं हुशार. तंग आवळायला लागलं की छाती फुगवून धरतं. आपण म्हणतो घट्ट झालं, आणि ते वीस पावलं चाललं की श्वास सोडतं आणि तंग ढिला. म्हणून तात्या त्याला पडवीपासून पिंपळापर्यंत चालवायचे आणि तिथं दुसऱ्यांदा आवळायचे. म्हणायचे, "पैला तंग घोड्याच्या नाटकाला, दुसरा घोड्याला." आवळून झाल्यावर दोन बोटं आत जातात का बघायची. शेवटी घोड्याचे पुढचे पाय एकेक करून पुढं ओढायचे, म्हणजे तंगाखाली अडकलेली कातडीची घडी सुटते.

मी लहान होतो. मला वाटायचं, खोगीर सरकू नये म्हणून एवढा खटाटोप कशाला, तंग चांगला करकचून बांधला की झालं. तसं विचारलंही. तात्या म्हणाले, "आरं, घोडं म्हंजी काय पोतं हाय व्हय, तोंड आवळून बांधायला? जे बसत न्हाय ते आवळून ऱ्हात न्हाय. आन् जे बसलंय त्याला आवळायला लागत न्हाय."

हे एवढं एक वाक्य म्हणजे या विद्येचं सार आहे. खोगीर सरकायची कारणं तंगात क्वचित असतात. घोडा पाठीनं गोल, गुबगुबीत असेल आणि मानेच्या बुडाचा उंचवटा बुजलेला असेल, तर खोगीर पिंपावर ठेवल्यासारखं फिरतं. भरती एका बाजूला दबली असेल तर त्या बाजूला कलतं. रोज डाव्या बाजूनं रिकिबीत पाय ठेवून सगळा भार टाकत चढलं तर डावीकडं ओढलं जातं. एक रिकीब लांब आणि दुसरी आखूड असली तर स्वार वाकडा बसतो आणि खोगीर त्याच्यामागं जातं. उतार लागला की पुढं मानेवर येतं, त्याला शेपटाखालची दुमची हवी. चढ लागला की मागं जातं, त्याला छातीवरचा पट्टा हवा. यातल्या एकाही दुखण्याला करकचून तंग हा इलाज नाही. त्यानं श्वास कोंडतो, कातडी कापते आणि घोडं खोगीर बघूनच कान मागं टाकायला शिकतं.

आता हेच डोळ्यांपुढं ठेवून मराठ्यांचं घोडदळ बघा. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. ही उतरंड शाळेत शिकवतात. पण तिथंच एक गोष्ट आहे, तिच्याकडं लक्ष जात नाही. पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी देणारा आणि नाल मारणारा हे सैन्याच्या हिशेबात धरलेले होते. लढणारी माणसं मोजतानाच घोड्याचं पोट आणि पाय मोजलेले होते.

बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारचा. शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा स्वतःचा. शिलेदाराचा घोडा गेला की शिलेदारी गेली. त्याच्या घरातलं सगळ्यात महागडं डबोलं त्याच्या मांडीखाली असायचं. त्यामुळं शिलेदाराला पाठीची काळजी कुणी शिकवायला नको होती. बारगिराचं तसं नाही. घोडा आपला नाही म्हटल्यावर माणूस कसा वागतो ते भाड्याच्या सायकलीवरून कळतं. म्हणून पागेवर देखरेख कडक लागायची.

त्याच बखरीत छावणीचा नेम आहे. पावसाळ्यात लष्करानं आपल्या मुलखात छावणीला यायचं, दसऱ्याला बाहेर पडायचं आणि आठ महिने बाहेर राहायचं. आपण हे शेतीच्या आणि नद्यांच्या पुराच्या हिशेबानं समजून घेतो. ते बरोबरच आहे. पण घोड्याच्या बाजूनं बघितलं तर चार महिने पाठ मोकळी राहायची. आठ महिन्यांत सोललेलं, सुजलेलं, दबलेलं जे काही असेल ते भरून यायला तेवढा वेळ. अंगावर मांस चढायचं, नवे केस यायचे. दसऱ्याला घोड्याची पूजा होऊन खोगीर चढायचं ते भरलेल्या पाठीवर.

राज्याभिषेकाच्या सुमाराचं महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे, चिपळूणकडच्या छावणीतल्या लष्करी अंमलदारांना लिहिलेलं. लोक त्यातला रयतेविषयीचा भाग सांगतात आणि तो सांगण्यासारखाच आहे. पण पत्राचा बराच भाग दाण्यावैरणीचा आहे. साठा आताच उधळलात तर भर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखी होतील. दिव्याची वात उंदीर ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल, म्हणून रात्री सांभाळा. राजा उंदरापर्यंत विचार करतो, याचं आपण कौतुक करतो. मला त्यात आणखी एक दिसतं. पावसाळ्यात घोडं खंगलं तर दसऱ्याला त्याच्या पाठीवर खोगीर बसत नाही. मांस उतरलं की तीच गादी हाडांवर येते आणि कण्याला भिडते. मग किती का चांगला स्वार असेना, चार मजलांत पाठ लागते.

२४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर पडले आणि त्यांच्यामागं सरनोबतीची वस्त्रं आमच्या शेजारच्या तळबीडच्या हंबीररावांना मिळाली. १६८७ मध्ये वाईजवळच्या लढाईत ते पडले. म्हणजे तेरा वर्षं. त्या तेरा वर्षांत कर्नाटकाची मोहीम झाली, बुऱ्हाणपूर मारलं गेलं. रायगडापासून बुऱ्हाणपूर आणि तिकडं जिंजी, हे अंतर नकाशावर बोट फिरवून बघा आणि मग लहानखुऱ्या दख्खनी घोड्याची पाठ आठवा. तोफखाना नाही, जड चिलखत नाही, मोजकं सामान, ही मराठ्यांची चपळाई आपण गनिमी काव्याच्या खात्यावर मांडतो. ती तितकीच घोड्याच्या पाठीच्या खात्यावर मांडली पाहिजे. हलकं खोगीर आणि हलका स्वार असेल तरच घोडं दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायला उभं राहतं.

उलटं उदाहरण पानिपतचं. १७६० च्या नोव्हेंबरपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत मराठे तिथं अडकून पडले. दाणावैरण तुटली, जनावरं झडली. त्या दिवशी सकाळी ज्या घोड्यांवर खोगिरं चढली, ती खोगिरं दक्षिणेतून निघताना भरलेल्या पाठींच्या मापाची होती. भुकेल्या घोड्याला बळ नसतं हे सगळे म्हणतात. त्याच्या पाठीवर खोगीरही बसत नाही, हे घोडं सांभाळलेला माणूसच सांगेल.

हे सगळं ज्यांनी सांभाळलं त्यांची नावं इतिहासात नाहीत. मोतद्दार घोड्याची मालिश करायचा, खरारा करायचा, रात्री पाठीवर हात फिरवायचा. नालबंद होता. आणि होते जीनगर. नावातच जीन आहे. जीन म्हणजे लाकडी सांगाड्यावर चामडं चढवलेली बैठक आणि खोगीर म्हणजे कापडात, बुरणुसात भरती घालून शिवलेली गादी. हे करणारा कारागीर घोड्याची पाठ हातानं चाचपून भरती कमीजास्त करायचा. पुढं राज्यं गेली, पागा मोडल्या, आणि जीनगर दुसऱ्या कारागिरीत शिरले. हात तेच राहिले, पाठ गेली. शिलेदारीची पद्धत मात्र नंतरही बरीच टिकली. इंग्रजांच्या हिंदी रिसाल्यांत स्वारानं घोडा आणि सरंजाम आपला आणायचा, ही रीत पहिल्या महायुद्धापर्यंत चालू होती. १९२१ च्या सुमारास ती बंद झाली.

मग ही विद्या संपली का? मलाही बरीच वर्षं वाटायचं की तात्यांच्या तट्टाबरोबर आमच्याकडून ती गेली. पण ती दरवर्षी दिवाळीनंतर आमच्या शेतात येऊन उतरत होती.

माण-खटावकडचे धनगर मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला येतात. रानात मेंढरं बसवली की लेंडीखत होतं आणि त्यांना धान्य, पैसे मिळतात. पुरुष मेंढरांमागं असतात. बिऱ्हाड घोड्यांवर असतं आणि घोडी बायकांच्या ताब्यात. वाघर, म्हणजे मेंढरांच्या वाड्याची जाळी, भांडी, अंथरुणं, पिठाचं गाठोडं, कोंबड्या, आदल्या रात्री जन्मलेली कोकरं आणि सगळ्यावर एखादं लेकरू. हे सगळं एका लहान घोड्यावर, आणि हमरस्त्यावरून ट्रक अंगावर येत असताना. मी एकदा सकाळी त्यांचा मुक्काम हलताना उभा राहून बघत होतो. एक वयस्क बाई घोडं लादत होती. खाली घोंगडीच्या घड्या, त्यावर गाद्या, मग दोन्ही बाजूंना ओझं. पोटाखालून घेतलेला पट्टा रुंद. शेपटाखालच्या दोरीला मऊ फडकं गुंडाळलेलं.

मी विचारलं, "मावशी, येवढं वझं घाटात सरकत कसं न्हाय?"

"वझं सरकत न्हाय मालक, तोल सरकतो," ती म्हणाली. "ह्या अंगाला तांब्याभर जड झालं तर घोड्याला पैल्या कोसात कळतंय, आमाला तिसऱ्या कोसात."

"मग काय करता?"

"थांबायचं. सोडायचं. पुन्ना लादायचं. गडी म्हनत्यात, आवळ आन् चल. गड्यांस्नी मेंढरं कळत्यात. घोडं आमालाच कळतंय."

तात्या आणि ही मावशी कधी भेटलेले नव्हते. बोलणं मात्र एकच.

त्या मावशीचं घोडं ज्या घराण्यातलं, त्याला भीमथडी म्हणतात. भीमेच्या काठची ही जात. मराठ्यांच्या घोडदळातली भीमथडी तट्टं म्हणून जुन्या लिखाणात तिचा बोलबाला आहे. पागा मोडल्यावर ही जात संपली, असंच बरेच जण धरून चालले होते. ती संपली नव्हती. फिरस्त्या धनगरांच्या बिऱ्हाडाखाली ती पुणे, सोलापूर, सातारा, नगरच्या रानांत चालतच होती. अलीकडं कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोनं भीमथडीला स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद दिली. राजांच्या पागेतलं घोडं राजवाड्यांनी टिकवलं नाही, ते मेंढपाळ बायकांनी टिकवलं.

घोड्याची पाठ हा एक कागद आहे आणि तो वाचता येतो. तात्या खोगीर उतरवल्यावर लगेच पाठ पुसायचे नाहीत. आधी तंग सैल करून थोडा वेळ तसंच उभं करायचे, पाठ एकदम गार वाऱ्याला उघडी पडू नये म्हणून. मग खोगीर काढून घामाचा ठसा बघायचे. दोन्ही बाजूंना सारखा ओला ठसा आणि मधे कोरडी पट्टी, म्हणजे बैठक नीट. ओल्या ठशात मधेच कोरडा डाग दिसला की बोट ठेवायचे. तिथं एक तर दाब इतका पडला की घामच फुटला नाही, नाहीतर गादी तिथं टेकतच नाही. केस चेपून बसले असतील आणि हात लावल्यावर घोडं अंग चोरत असेल तर दाब. त्या जागची भरती त्याच रात्री कंदिलाच्या उजेडात उसवून काढायची, आजूबाजूला वाढवायची आणि पुन्हा शिवायची. ही खरी खोगीरभरती.

आणि ज्या दाबाकडं दुर्लक्ष झालं त्याची नोंद कायमची राहते. तिथं पुढं पांढरे केस उगवतात. दाबानं केसाच्या मुळाशी रंग करणारी पेशी मरते. तपकिरी घोड्याच्या पाठीवर मानेच्या बुडाशी किंवा कण्याच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले तर ते शुभचिन्ह नसतं. कुणाच्या तरी खोगिराची ती सही असते. बाजारात घोडं घेताना दात बघतात तसे हे ठिपकेही बघावेत.

तात्यांचा आणखी एक नेम होता. खोगीर सतत एकाच बाजूला जायला लागलं, आणि भरती, तंग, ओझं सगळं ठीक असलं, तर ते खाली बसून मागचे पाय बघायचे. खूर उचलून, नाल ठोकून, सांध्यावर हात फिरवून. मला त्याचा अर्थ लागायचा नाही. खोगीर वर आणि तपास खाली. २०१३ साली ब्रिटनमध्ये लीन ग्रेव्ह आणि सू डायसन या पशुवैद्यांनी नेमका हाच अभ्यास प्रसिद्ध केला. मागच्या पायानं लंगडणाऱ्या घोड्यांत जीन एका बाजूला सरकण्याचं प्रमाण ठळक दिसलं, आणि दुखरी जागा इंजेक्शननं बधिर केल्यावर बहुतेक घोड्यांत ते सरकणं थांबलं. लंगडणं इतकं बारीक असू शकतं की डोळ्याला दिसत नाही. घोडं दुखरा पाय वाचवत चालतं, पाठीची हालचाल दोन्हीकडं सारखी राहत नाही आणि खोगीर हळूहळू एका अंगाला जातं. तेव्हा तंग आवळणारा माणूस दुखण्याची खबर देणाऱ्यालाच गप्प करतो.

आता घोडं आमच्याकडं मुख्यतः लग्नात दिसतं. वरातीच्या घोडीवर नवरदेव, कधी पुढं एक पोरगं, जरीची झूल, आरशांचं काम केलेलं खोगीर आणि कानाशी डीजे. एकच खोगीर लहानमोठ्या सगळ्या घोड्यांवर चढतं, आणि ते वर काय दिसतं यावर निवडलेलं असतं, खाली काय टेकतं यावर नाही. महाबळेश्वरला, माथेरानला पर्यटकाला फिरवणारी घोडी आहेत. दिवसभर वेगवेगळ्या वजनाची माणसं त्याच गादीवर. यातली घोडी सांभाळणारे बरेच जण पोटाला चिमटा घेऊन त्यांना खायला घालतात, हेही मी बघितलंय. त्यांच्यावर बोट ठेवायचं म्हणून हे लिहीत नाही. पण बसणाऱ्याला काही विचारता येतं. साधारण दंडक असा की स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये. अडीचशे किलोच्या तट्टावर पन्नास किलो. ओझ्याच्या जनावरांसाठी सरकारचे १९६५ चे नियम आहेत, त्यात तट्टाच्या पाठीवर ७० किलोची मर्यादा घातली आहे. आपण घोड्यावर बसण्याआधी खोगिराखाली हात घालून बघितला, कण्यावर मोकळी जागा आहे का ते पाहिलं, तर मालक रागावत नाही. उलट त्याला कळतं की गिऱ्हाईक जाणतं आहे.

बैलाच्या बाबतीत आपल्याला हे सांगावं लागत नाही. बेंदराच्या आदल्या दिवशी घरोघरी खांदमळणी होते. जुवानं घासलेला खांदा तेलानं, हळदीनं मळतात. वर्षभर तू ओझं ओढलंस, ते कुठं लागलं ते आम्हाला ठाऊक आहे, असं त्या हातानं बैलाला सांगायचं असतं. शेतकऱ्याच्या घरात बैल उरला म्हणून ती जाण उरली. घोडं गोठ्यातून गेलं आणि त्याच्या पाठीची जाण पुतळ्यात गेली.

तरी दरवर्षी आषाढी वारीच्या आधी आमच्या हमरस्त्यावरून दोन घोडे जातात. अंकलीच्या शितोळे सरकारांकडचे अश्व माउलींच्या सोहळ्यासाठी आळंदीला पायी निघतात. मिरज-सांगलीकडून येऊन कराड, उंब्रज, सातारा करत दहा-अकरा दिवसांची त्यांची चाल. गावोगाव लोक पाया पडतात, नारळ फोडतात. हा सोहळा ज्यांनी आजच्या रूपात आणला ते हैबतबाबा साताऱ्याजवळच्या आरफळचे, शिंद्यांच्या पदरी सरदार होते. लष्करी माणसानं वारीला शिस्त लावली आणि घोडा वारीत आणला. दोन घोड्यांपैकी एकावर ध्वज घेतलेला स्वार असतो. दुसरा माउलींचा. त्याच्यावर कुणी बसत नाही. सगळा साज असतो आणि बैठक मोकळी.

आपल्याच जिल्ह्यात तरडगावजवळ चांदोबाचा लिंब इथं पहिलं उभं रिंगण होतं. वारकऱ्यांच्या रांगांमधून दोन्ही घोडे सुसाट जातात आणि लोक टापांखालची माती कपाळाला लावतात. मी ते दोनदा बघितलंय, आणि दोन्ही वेळा माझं लक्ष त्या मोकळ्या बैठकीवर राहिलं. स्वार असला की तो आपला तोल सावरतो, खोगिराला जागेवर धरतो. मोकळ्या खोगिराला ती मदत नसते. धावत्या पाठीवर ते नुसत्या बैठकीच्या आणि तंगाच्या भरवशावर असतं. ते हललं नाही, तर समजावं की त्या पहाटे कुणीतरी पाठ झाडली होती, केसांच्या वळणानं घडी ओढली होती, वीस पावलं चालवून तंग पुन्हा आवळला होता आणि दोन बोटं आत घालून बघितली होती. त्या माणसाचं नाव गर्दीत कुणाला माहीत नसतं. घोड्याला माहीत असतं.